सांस्कृतिक सुरक्षिततेचं प्रशिक्षण: प्रमाणपत्र मिळतं, रुग्णाच्या पदरात काय पडतं?

न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिका इरिहापेती राम्सडेन यांनी सांस्कृतिक सुरक्षिततेचा, म्हणजे वेगळ्या संस्कृतीच्या रुग्णाला उपचार घेताना कमीपणा किंवा असुरक्षित वाटू नये असा, विचार मांडला आणि १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने तो परिचारिकांच्या शिक्षणात आणला. त्यात नजर वळते ती परिचारिकेकडेच, तिच्या हातातल्या सत्तेकडे आणि तिच्या गृहीतकांकडे. सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे रुग्ण ठरवतो.

तयार ऑनलाइन मॉड्यूल घेतलंत तर बहुधा उलटंच मिळतं. 'अमुक समाजाचे लोक नजरेला नजर देत नाहीत' अशा याद्या, मग दहा प्रश्न, मग प्रमाणपत्र. अशा याद्यांनी पूर्वग्रह जात नाहीत, त्यांना अधिकृत शिक्का मिळतो. यासाठी पैसे मोजू नका.

मग चांगल्या प्रशिक्षणाने रुग्ण बरे होतात का? याच्या जवळच्या, सांस्कृतिक क्षमतेच्या (वेगळ्या संस्कृतीच्या रुग्णांशी नीट वागण्याच्या कौशल्याच्या) प्रशिक्षणावर २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, अवघ्या ५ चाचण्या सापडल्या: ३३७ कर्मचारी, सुमारे ८,४०० रुग्ण. उपचारांचे परिणाम सुधारल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर १२४ डॉक्टर-नर्सच्या चाचणीत एका गटाला प्रशिक्षणासोबत त्यांच्याच मधुमेही रुग्णांचे कृष्णवर्णीय-गोरे असे वेगळे आकडेही दिले (२०१० मध्ये प्रसिद्ध). वर्षभराने त्या गटात तफावतीची जाणीव वाढली होती; साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांतली दरी तशीच.

यात नवल नाही. वर्गातून परतलेल्या डॉक्टरला दुभाषी नसेल, तर आईच्या रक्तस्रावाबद्दल तिच्या बारा वर्षांच्या मुलालाच विचारावं लागतं. मुलगा लाजतो, आई अर्धंच सांगते, निदान चुकतं. इथे संवेदनशीलता कामाची नाही, फोनवरचा दुभाषी हवा.

म्हणून कोर्स विकत घेताना आयोजकाला आधी विचारा: मोजणार काय? दिवसअखेरच्या फीडबॅक फॉर्मवर सगळेच पाचपैकी पाच देतात (जेवण बरं असलं की हमखास). त्याऐवजी समाजगटानुसार हे पाहा: उपचार अर्धवट सोडून गेलेले रुग्ण, आपत्कालीन विभागात पहिलं वेदनाशामक औषध मिळेपर्यंतची मिनिटं, दुभाषी हवा होता तिथे तो मिळाला का, पुढच्या तपासणीला किती परतले. हे आकडे प्रशिक्षणाआधीही घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? छोट्या विभागात महिन्याचे आकडे वरखाली होतात, तेव्हा तिमाही धरा.

गुण: कर्मचाऱ्यांची समज वाढवण्यासाठी पाचपैकी साडेतीन. रुग्णाच्या तब्येतीसाठी, नुसतंच घेतलं तर, एक.