मिदी कालव्यावर भाड्याची बोट : त्रेब ते कोलोंबिए, सात रात्री

आधी मुद्द्याचं सांगते. दक्षिण फ्रान्समधल्या 'कानाल द्यु मिदी'वर आम्ही दोघांनी मे महिन्यात सात रात्रींसाठी बोट भाड्याने घेतली आणि स्वतः चालवली. हे सदुसष्ट वर्षांचे, मी त्रेसष्टची. परवाना लागत नाही. बोट देणारी कंपनीच तेवढ्या दिवसांपुरतं कार्ड करून देते. पुन्हा जायचं का? नक्की. या कंपनीकडूनच का? ते शेवटी सांगते.

हे पाटबंधारे खात्यात होते. बारामतीजवळ नीरा डाव्या कालव्यालगतच्या वसाहतीत माझ्या संसाराची अठ्ठावीस वर्षं गेली. शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री दारात जीप यायची, कुठे भराव खचलाय, कुठे कुणी चारी, म्हणजे छोटा पाट, फोडलीय. मुलांना कालव्याच्या कडेला जायची सक्त बंदी होती. इतकी वर्षं कालव्याशेजारी राहिले, पण त्याच्या पाण्यावरून कधी कुठे गेले नव्हते. आपल्याकडचे कालवे शेताला पाणी द्यायला. म्हणून यांनी हा बेत काढला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

बोट ताब्यात घेण्याआधी एक दिवस तुलूझहून टॅक्सी करून आम्ही सां-फेरेओलचं धरण आणि नोरूझची खिंड पाहिली. तुम्हीही पाहा, म्हणजे पुढचा सगळा प्रवास वेगळा दिसतो. कालव्याचा सर्वांत उंच टप्पा नोरूझला, समुद्रसपाटीपासून सुमारे 189 मीटरवर. तिथून एक बाजू तुलूझकडे उतरते, दुसरी भूमध्य समुद्राकडे. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? हा कालवा बांधणारा पिएर-पोल रिके मुळात मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. त्याने जवळच्या काळ्या डोंगरातले ओढे चाऱ्यांनी वळवून नोरूझला आणले आणि पाणी साठवायला सां-फेरेओलला मातीचं धरण घातलं, पोटात दगडी भिंत असलेलं. बांधकाम 1667 ते 1672. हे धरणाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. एक शब्द बोलले नाहीत.

बोट त्रेबला मिळाली. कार्कासोनपासून ते अगदी जवळ आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी कार्कासोनचा दुहेरी तटाचा किल्ला पाहून घेतला. गर्दी फार होती, त्यावर जास्त लिहीत नाही. बोट नऊ मीटरची. पुढे पलंग, मध्ये बैठक आणि दोन शेगड्यांचा ओटा, मागे एवढंसं न्हाणीघर. ओटा मला आवडला. घरून छोटा कुकर, भाजणी, मेतकूट आणि पोहे नेले होते. ओम्सजवळच्या ओलोंझाकच्या बाजारात ताजे मटार आणि कोवळी गाजरं मिळाली. उकाड्यात रोज दुपारी थालीपीठ आणि दही. न्हाणीघरात मात्र पाण्याचा पंप पहिल्याच दिवशी बंद पडला. फोन केल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आला तेव्हा काम चोख केलं.

आता लॉकबद्दल, कारण या सुट्टीचं सुख-दुःख लॉकवर ठरतं. बोट एका कुंडात घ्यायची, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी सोडतात, बोट खाली जाते आणि पुढचा दरवाजा उघडतो. इथली कुंडं अंड्यासारखी फुगीर आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्यातली एक मातीच्या दाबाने कोसळली. मग रिकेने भिंतींना कमान दिली, आडवी. दिसायला सुंदर, पण बोट भिंतीला नीट टेकत नाही आणि सगळा भार दोरावर येतो. हे सुकाणूवर, दोर माझ्याकडे.

कंपनीने शिकवणीला चाळीस मिनिटं दिली. त्यातली तीस इंजिन आणि बॅटरीवर गेली. दोर खुंटाला बांधायचा नाही, नुसता एक वेढा घेऊन टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसा सोडत राहायचं, हे कुणीच नीट सांगितलं नाही. फोंफीलला तीन कुंडं एकाला एक जोडून आहेत. पहिल्यात मी घाबरून गाठ मारली. पाणी उतरलं, दोर ताणला आणि बोट एका अंगाला लटकली. ओट्यावरची भांडी खाली आली. "अगं सोड, सोड!" हे ओरडत होते, पण ओली गाठ सुटेना. लॉक चालवणाऱ्या बाईंनी वरून पाहिलं आणि क्षणात पाणी थांबवलं. मग खाली वाकून त्यांनी मला स्वतःच्या हातांनी वेढा कसा घ्यायचा ते दाखवलं, दोनदा. त्यांना मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. पुढच्या सगळ्या लॉकना माझा हात बसला.

एक गोष्ट आधी कळायला हवी होती : दिशा. त्रेबहून समुद्राकडे जाताना प्रत्येक लॉक उताराचा. बोट आत शिरते तेव्हा काठ जवळजवळ तिच्याच उंचीवर असतो, पायरीवर उतरावं तशी मी उतरायचे. उलट दिशेने आलात तर बोट खोल कुंडाच्या तळाशी आणि दोर वर फेकायचा. साठी ओलांडलेल्यांनी उताराचीच दिशा मागून घ्यावी. दुपारी लॉकवाल्यांची जेवणाची सुट्टी असते, ती गृहीत धरूनच दिवस आखा.

अरजांसच्या लॉकनंतर मात्र 54 किलोमीटर एकही लॉक नाही. समपातळी धरून कालवा डोंगराच्या कडेकडेने वळत जातो. ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे, आम्ही सहानेच चालवली. पाराझाजवळ रेप्युद्र नदी आमच्या खालून गेली. 1676 मधला जलसेतू. यांनी इंजिन बारीक केलं आणि कठड्याच्या दगडांची सांधेजोड पाहत राहिले. ल सोमायला कमानीचा जुना पूल, त्यालगत छोटं चर्च आणि जुन्या पुस्तकांचं भलं मोठं दुकान. तिथे दोन रात्री थांबलो, एकच ठरली होती.

एरवी संध्याकाळी बोट काठाला लावायची म्हणजे जमिनीत लोखंडी मेखा ठोकायच्या. झाडाला बांधायची मनाई आहे आणि ती अगदी योग्य आहे. कालव्याच्या कडेच्या चिनारांना बुरशीचा रोग लागलाय, 2006 पासून इथे तो सापडतोय. एकंदर सुमारे 42,000 झाडं होती. त्यातली हजारो तोडून जाळावी लागली. पाणी, मुळं, अवजारं, दोराने सोललेली साल, सगळ्यातून तो पसरतो. काही ठिकाणी दोन्ही काठ उघडे पडलेत आणि मध्येच नवी कोवळी रोपं काठीला बांधलेली दिसतात. मला फार वाईट वाटलं. एवढं सगळं असताना आमच्या बोटीत मेखा होत्या, पण ठोकायला मोगरी नव्हती! पहिल्या संध्याकाळी शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी त्यांची दिली.

शेवटच्या दिवशी मालपासचा बोगदा. 1679 चा, सुमारे 170 मीटर लांब, युरोपातला बोटी जाणारा पहिला कालवा-बोगदा. त्याच टेकडीच्या पोटातून रेल्वेही जाते आणि तेराव्या शतकात मोंतादीचं तळं कोरडं करायला खोदलेला पाट अजून वाहतो. टेकडीवरून ते जुनं तळं दिसतं, भाकरीचे तुकडे केल्यासारखी शेतं सगळी मध्याकडे निमुळती होत गेलेली.

कोलोंबिएला बोट सोपवून आम्ही सायकलींवर बेझिएजवळच्या फोंसेरानला गेलो. एकाखाली एक आठ कुंडं, नऊ दरवाजे, साडेएकवीस मीटरचा उतार. आता बोटींना त्यातली सहाच वापरतात. रिके 1680 मध्ये गेला, कालवा 1681 मध्ये सुरू झाला. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामावर होती, त्यांत टोपल्यांनी माती वाहणाऱ्या बायका पुष्कळ. रिके महिन्याचा पगार द्यायचा आणि पावसाचा, आजारपणाचा दिवसही कापायचा नाही. हे यांनी मला तिथल्या भिंतीवर बसून सांगितलं. आमच्या कालव्यावरच्या रोजंदारीच्या बायका मला आठवत होत्या, पाऊस पडला की दिवसाची मजुरी बुडालेल्या.

खर्च : बोटीचे 1,650 युरो, डिझेल इंजिनच्या तासांवर, सायकली आणि साफसफाई वेगळी. साफसफाईचे पैसे परतीच्या दिवशी कळले, ते मला पटलं नाही. बोट चांगली, माणसं सौजन्याची, तयारी अर्धवट. पाचपैकी साडेतीन. कालव्याला मी पैकीच्या पैकी देईन. या कंपनीकडून बोट घ्यायची असेल तर सगळा खर्च लेखी मागा, शिकवणीत एक लॉक प्रत्यक्ष करून घ्या, पंप समोर चालवून बघा. आणि सही करण्याआधी मोगरी दाखवायला सांगा.