अभिनंदनाच्या प्रत्येक मेलखाली पैसे भरायची लिंक

पटकथा स्पर्धेत निवड झाल्याचा मेल आणि पैसे भरायची लिंक एकत्रच आली असेल, तर आधी हे वाचा. स्पर्धेचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून चालू आहे, शिवाय ही मंडळी नावं बदलत राहतात, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता आली तर जास्त उपयोग.

मी चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. लिहिणं होतं ते शिफ्ट सुटल्यावर, नाहीतर साप्ताहिक सुट्टीला. अंधेरीत जाऊन निर्मात्यांची ऑफिसं धुंडाळायची तर रजा टाकावी लागते, आणि गेल्यावर वॉचमनच्या पुढे कोण सोडतो? म्हणून स्पर्धा. तो मार्ग मुळातच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सिनेस्तान या सिनेमा कंपनीने काही वर्षांपूर्वी जी पटकथा स्पर्धा घेतली तिचं पहिलं बक्षीस 25 लाखांचं होतं, आणि परीक्षक म्हणून आमिर खान, राजकुमार हिरानी, जुही चतुर्वेदी, अंजुम राजाबली ही नावं उघडपणे जाहीर होती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप तर प्रवेश फी घेऊनही 35,000 डॉलर देत आली आहे. फी घेतली म्हणजे लबाडी, असं सरसकट म्हणता येत नाही.

माझ्या बाबतीत प्रवेश फी 1,200 रुपये होती. ‘सर्व भारतीय भाषांतील पटकथा स्वीकारू’ असं लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत एक पानाचा गोषवारा जोडायचा होता. माझी पटकथा मराठीत होती. जुन्नरकडच्या गावात पिठाची गिरणी चालवणारी विधवा सून आणि तिची सासू, अशी गोष्ट.

थोड्याच दिवसांत मेल आला, ‘क्वार्टर फायनलमध्ये निवड’. खाली ओळ होती की 4,500 रुपये भरून तज्ज्ञांचा अहवाल घेता येईल, घेणं ऐच्छिक आहे, मात्र अहवाल घेतलेल्या पटकथा परीक्षकांपुढे आधी ठेवल्या जातात. असलं ‘ऐच्छिक’ आम्हाला कंपनीत चांगलं ठाऊक आहे. पैसे भरले. अहवाल आला आणि त्याच आठवड्यात ‘फायनल’चाही मेल आला. आता निर्मात्यांसमोर कथा मांडायची, त्याचे 15,000 अधिक जीएसटी, म्हणजे 17,700. मुदत 48 तास. हे मेल यायचे ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार खात्यावर पडलेला असताना. हा योगायोग आहे असं मला आता वाटत नाही. नोकरी करणाऱ्या लेखकाकडे दरमहा पैसे येतात आणि चौकशी करायला वेळ नसतो. असंच गिऱ्हाईक त्यांना हवं असतं.

निर्मात्यांशी हॉटेलात ठरलेली भेट आदल्या दिवशी बदलून ऑनलाइन केली. समोर दोन नावं, दोघांचे कॅमेरे बंद. एकाने विचारलं, बजेट किती लागेल. दुसरा बोललाच नाही. त्यानंतर मी ‘विजेता’ ठरलो. प्रमाणपत्र आलं, करारनामा आला आणि सोबत ‘कायदेशीर व नोंदणी खर्च’ म्हणून 60,000 रुपयांची मागणी.

तिथे मी थांबलो आणि तो अहवाल पुन्हा उघडला. स्टोअर्समध्ये आलेला माल मोजून, तपासून मगच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, काढतात, तसा तो ओळ न ओळ तपासला. त्यात लिहिलं होतं की सासूचं पात्र शेवटपर्यंत प्रभावी राहतं. माझ्या पटकथेत सासू मध्यंतराच्या आधीच मरते. गोषवाऱ्यात मात्र ते लिहिलेलं नव्हतं. अहवालातली प्रत्येक गोष्ट त्या एका पानावरून उचललेली होती. त्यापलीकडे होतं ते ‘संवाद नैसर्गिक आहेत’ वगैरे, कुणालाही लागू पडेल असं. मराठी वाचू शकणारा माणूस त्यांच्याकडे होता की नाही, देव जाणे. पटकथा कुणी उघडलीच नव्हती. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागलं.

मग बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. तिथे लॉगिन न करताही कुणालाही शोधता येतं. नोंदणी रद्द झालेली निघाली. यूपीआयचे पैसे संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर गेले होते. त्यांच्या जाहिरातीतल्या एका ‘माजी विजेत्या’ला मेसेज केला. तो नाशिकचा, शाळेत शिक्षक. त्यानेही पैसे भरले होते, आणि त्याचा सिनेमा अजून ‘प्रक्रियेत’ होता.

करारनामा वकील मैत्रिणीला दाखवला. कायमचे, जगभरचे, सर्व माध्यमांतले हक्क त्यांचे. मानधन ‘नंतर परस्पर संमतीने’. ती म्हणाली, सही केली नाहीस ते बरं झालं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क हस्तांतरित करायला लेखी करार आणि लेखकाची सही लागते, मोबदलाही त्यात नमूद करावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात, पण इथे ‘कायमचे’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. तो नंबर उपयोगी पडतो तो पैसे गेल्या गेल्या फोन केला तर, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. माझे पैसे कधीच पुढे गेले होते. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अहवाल मिळाला ना? प्रमाणपत्र मिळालं ना?’ यांची खरी हुशारी इथे आहे. प्रत्येक पावतीच्या बदल्यात काहीतरी कागद हातात देतात, मग तो फसवणुकीचा गुन्हा न ठरता व्यवहारातला वाद ठरतो. माझी तक्रार पुढे सरकली ती रद्द झालेल्या जीएसटी नंबरमुळे. नोंदणी नसताना कर वसूल केल्याचं बिल माझ्याकडे होतं.

पटकथा आता मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली आहे. सभासद होऊन हे घरबसल्या ऑनलाइन होतं, रजा लागत नाही. लिहिल्या क्षणी कॉपीराइट लेखकाचाच असतो, नोंदणीने फक्त तारखेचा पुरावा हाती राहतो. एवढं मात्र लक्षात घ्या की नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात ते सांगितलं आहे. त्यामुळे फक्त गोषवारा पाठवायचा असला तरी आधी पूर्ण पटकथा नोंदवून ठेवा.

अशाच स्पर्धेला कुणी पैसे भरले असतील तर मेल, बिलं, यूपीआयचे व्यवहार क्रमांक काहीही डिलीट करू नका, आणि आपापल्या नावाने तक्रार करा. नाशिकच्या सरांनी त्यांची तक्रार गेल्या आठवड्यात नोंदवली. पैसे घेणारं खातं तेच आहे.