टायरचा पिवळा दिवा लागला की लगेच रिसेट मारू नका – कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टायरवाल्याचा अनुभव

आईला दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळं गाडीत पेट्रोल किती आणि टायरात हवा किती या दोन गोष्टी मी कधी चुकवत नाही असं मला वाटायचं. डिसेंबरात असंच जाताना हातकणंगलेच्या अलीकडं मीटरवर पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. सीझन सुरू झालेला, पुढं-मागं उसाच्या ट्रॉल्या, कशीबशी गाडी साइडला घेतली, उतरून बघितलं तर चारी टायर सारखेच दिसत होते. पुढं एका पंक्चरच्या टपरीवर थांबलो. तिथल्या पोरानं टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाला, "काय नाही ओ, सेन्सर चुकतोय, रिसेट मारा." मारला, दिवा गेला, आम्ही मिरजेला जाऊन परत पण आलो.

आठ-दहा दिवसांनी शिरोली नाक्यावर परत लागला. मी परत रिसेट मारला, घाईत होतो, हवा चेक केली नाही. आणि तिसऱ्या वेळी दिवा लागलाच नाही. सकाळी कामाला निघालो तर वळणावर गाडी मागून हलल्यासारखी वाटायला लागली, सिग्नलला शेजारचा बाइकवाला काचेवर टकटक करून सांगायला लागला की मागचा डावा टायर बसलाय. हेच मिरजेच्या रस्त्यावर, आई मागं बसलेली असताना झालं असतं तर, हा विचार दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

शिरोली एमआयडीसीत आमच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं उद्यमनगरातलं हे दुकान सांगितलं. आतल्या गल्लीत आहे, दोन लेथच्या वर्कशॉपच्या मध्ये, बोर्डावरचं नाव उडालेलं, बाहेर टायरची चळत. चालवणाऱ्याला सगळे मामाच म्हणतात, साठीच्या आसपासचे असतील. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "रिसेट किती वेळा मारला?" दोनदा म्हटल्यावर मान हलवली आणि मला खाली बसवून चारी टायरची हवा मोजून दाखवली. तीन टायर 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), चौथा 17.

"बटन दाबून हवा भरत नसती बघा," म्हणाले, आणि मग जे समजावून सांगितलं ते मला गाडी घेताना शोरूममध्ये कुणीही सांगितलं नव्हतं.

आमच्या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाहीच. हवा कमी झाली की दिवा लावणाऱ्या या पद्धतीला टाटाच्या काही गाड्यांत आयटीपीएमएस म्हणतात, होंडावाले डिफ्लेशन वॉर्निंग म्हणतात, गोष्ट एकच. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर असतो, त्याच्यावरच हे सगळं चालतं. हवा कमी झाली की टायर बसतो, बसलेलं चाक म्हणजे बारकं चाक, मग तेवढंच अंतर जायला त्याला बाकीच्या तिघांपेक्षा जास्त फेरे मारावे लागतात. गाडी तो फरक पकडते आणि दिवा लावते. किती पीएसआय आहे हे तिला माहीतच नसतं, तिला फक्त एवढं कळतं की नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं चाललंय.

आणि हे "नेहमीचं" म्हणजे काय ते आपण तिला रिसेट मारून शिकवतो. मी पहिल्यांदा रिसेट मारला तेव्हा त्या टायरात मामांच्या अंदाजानं 26-27 असणार. गाडीनं तेच बरोबर धरलं. दुसऱ्यांदा मारला तेव्हा त्याहून कमी असणार, तर तेच बरोबर धरलं. मग हवा 20 च्या खाली गेली तरी दिवा गप्पच, कारण राखणदाराला मीच सांगितलं होतं की दार उघडंच असतंय, तू बोलू नकोस.

टायर खोलला. साबणाचं पाणी मारल्यावर एका खाचेत बारीक बुडबुडे यायला लागले, पकडीनं ओढलं तर लेथवरची लोखंडी चिप निघाली, निळसर, स्प्रिंगसारखी वळलेली, करंगळीच्या नखाएवढी पण नाही. आमच्या कंपनीच्या गेटावर असल्या चिप्स पडलेल्याच असतात. मला वाटलं आता पॅच मारतील आणि सुटलो. पण मामांनी टायरच्या आतून हात फिरवला आणि तळहात माझ्यासमोर धरला, सगळा काळा भुगा, रबराची पूडच. आतल्या बाजूला साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीवर, गोल घासलेला पट्टा दिसत होता. हवा नसताना चालवला की साइडवॉल दुमडत राहते, तापते आणि आतून सोलते, बाहेरनं टायर चांगलाच दिसतो. "पॅच मारून देतो म्हटलं तर देईन, पण मावशीला घेऊन मिरजेला या टायरवर जाऊ नका," म्हणाले. स्टेपनी त्याच साइजची होती आणि वापरलेली नव्हती, तर तिचाच टायर काढून या रिमवर चढवला, बॅलन्सिंग केलं, आणि नवा टायर स्टेपनीसाठी पुढच्या महिन्यात घ्या, घाई नाही म्हणाले. सगळ्याचे मिळून साडेतीनशे घेतले. तिथं चार नवीन टायर गळ्यात मारायला किती सोपं होतं याचा विचार करा, मी घाबरलेलोच होतो, घेतले पण असते. नायट्रोजनचं विचारलं तर म्हणाले साध्या हवेत पण 78 टक्के नायट्रोजनच असतोय, तुम्ही फक्त महिन्याला मोजत जावा.

मोजायचं कधी हे पण मला चुकीचं माहीत होतं. दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. हायवेवरनं आल्यावर पंपावर मोजलं तर टायर तापलेला असतो, 33 चे 37 दिसतात, पंपावरचा पोरगा चार काढतो, आपण खुश, आणि सकाळी थंड झाल्यावर तोच टायर 29 वर. मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय. कोल्हापुरात थंडीत दुपारचं आणि पहाटेचं तापमान पंधराएक डिग्रीनं वेगळं असतं, तेवढ्यानंच दोन-अडीच पीएसआयचा फरक पडतो.

रिसेट सगळ्यात शेवटी. चारी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरले, गाडी उभी, इग्निशन चालू, स्क्रीनच्या मेनूत जाऊन कॅलिब्रेशन, म्हणजे हाच रिसेट, ओके केलं. काही गाड्यांत बटन असतं, दिवा मिचकेपर्यंत दाबून धरायचं. त्यानंतर पण लगेच झालं असं नाही, गाडी चालवावी लागते तेव्हा ती शिकते, कंपनीप्रमाणे वेळ वेगळा पण वीस-तीस मिनिटं धरून चाला. मी तसाच कागलपर्यंत जाऊन आलो. टायर बदलला, पुढचे मागे केले, हवा भरली की प्रत्येक वेळी हे करायचं. आणि चारी टायर हळूहळू सारखेच उतरले तर फरकच दिसत नाही, त्यामुळं नुसत्या या दिव्याच्या भरवशावर राहू नका, हवा मोजायचं गेज घरी ठेवाच.

शेजारच्या जॅकवर दुसरी एक गाडी होती, त्यात खरे सेन्सर होते. रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाला काळी डबी. त्यात प्रत्येक टायरचा आकडा स्क्रीनवर येतो. पण बॅटरी आतच सील असते, साधारण पाच ते दहा वर्षं चालते, मग बहुतेक सेन्सरच बदलावा लागतो. अशी गाडी असेल तर टायर खोलायच्या आधी सांगायचं, नाहीतर टायर काढायची टॉमी त्याच बाजूला घुसली की डबी फुटते, आणि पंक्चरचं लिक्विड टाकायच्या आधी दहादा विचार करायचा, सेन्सरचं भोक चिकटून बंद होऊ शकतं. अशा गाड्यांत गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर मिचकून मग स्थिर राहत असेल तर तो हवेचा नाही, सिस्टिमच्या बिघाडाचा इशारा असतो.

दुकानाबद्दल तक्रारी पण सांगतो. गाडी लावायला जागा नाही, गल्लीत टेम्पो आला की मागं घ्या पुढं घ्या चालू होतं. बसायला एक बाकडं, तेही उन्हात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. मला सव्वा तास लागला आणि मामा काम करताना फोन उचलत नाहीत. ऑनलाइन पेमेंट चालतं.

त्यानंतर मिरजेच्या तीन फेऱ्या झाल्या, आदल्या दिवशी सकाळी घरीच मोजतो, शेवटचा आकडा चारी टायरला 33. जाणार असाल तर संध्याकाळी जाऊ नका, कामावरनं सुटलेल्यांची रांग असते. सकाळी साडेनऊला शटर उघडतं, तेव्हा जावा, जवळच राहत असाल तर टायर पण तोवर थंडच असतात.