वायर-पाईप बीम-स्लॅबमधून न्यायचे की बाहेरून?

माझ्या मावसभावाचं इथं बेळगावात खानापूर रोडला घर चाललंय, खालचा मजला झाला, वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलंय आणि सळई बांधायला टोळी आलीय. परवा त्याचा फोन आला, दादा, प्लंबर म्हणतोय बीमातून पाईप काढूया म्हणजे खाली दिसणार नाही, इलेक्ट्रिशियन म्हणतोय स्लॅबमध्येच टाकतो, आणि मेस्त्री म्हणतोय आत्ता कशाला, नंतर फोडून करू की. आता मी कुणाचं ऐकू? आमच्याकडं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच आणि उत्तर नेहमी घाईत मिळतं, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वायर स्लॅबमधून न्या, संडासचा मोठा पाईप बीम-कॉलमला हात न लावता बाहेरून उतरवा, आणि नळाचं पाणी भिंतीतून. बीमात भोक पाहिजेच असेल तर ते काँक्रीट ओतायच्या आधी स्लीव्ह, म्हणजे मोठ्या पाईपचा तुकडा, ठेवून, तेही बीम-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या डिझायनरला विचारून.

आधी वायर. स्लॅबमध्ये पाईप टाकायचे म्हणजे खालची जाळी बांधून झाली की तिच्यावर कंड्युट, म्हणजे वायरचा पाईप, पसरायचा, आणि वरच्या सळया त्याच्यावरून. सेंट्रिंगच्या प्लायवर थेट पाईप ठेवला तर सळईखालचं २० मिमी काँक्रीटचं कव्हर जातं आणि पुढं छताला बरोबर त्याच रेषेत तडा दिसतो. घराचा स्लॅब साधारण ५ इंच म्हणजे १२५ मिमी, त्यात २५ मिमीचा पाईप म्हणजे जाडीचा पाचवा भाग, एवढं चालतं. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडात बरीच वर्षं असा नियम होता की स्लॅबमधला पाईप जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको आणि एका पाईपच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत निदान व्यासाच्या तिप्पट अंतर पाहिजे. मोजायला सोपा आहे म्हणून मी तोच धरतो. आमच्याकडं गडबड होते ती मीटर बोर्डाजवळ, तिथं दहा-बारा पाईप एकत्र येतात आणि इलेक्ट्रिशियन सगळे एकाला एक चिकटवून बाईंडिंग वायरनं गठ्ठा बांधतो, मग त्याच्या खाली काँक्रीट उतरतच नाही आणि सेंट्रिंग काढल्यावर तिथं मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकाचं छत दिसतं. पाईप पसरून आणा, थोडे लांबून वळले तरी चालतील.

दुसरी भानगड ओतायच्या दिवशी. घमेली घेऊन माणसं पाईपवरून चालतात, एखादा बेंड सुटतो, आत काँक्रीट जातं आणि सहा महिन्यांनी वायर ओढायची स्प्रिंग टाकली की अडकते. त्या दिवशी इलेक्ट्रिशियनचा एक माणूस स्लॅबवर उभा पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि फॅन बॉक्सची तोंडं आधीच टेपनं बंद.

याच्या उलट भिंत फोडून वायर नेण्याचा फायदा एवढाच की नंतर मन बदललं तर पॉइंट हलवता येतो. पण भिंत किती खोदायची याला मर्यादा आहे, आपल्या आयएस १९०५ या भिंतींच्या बांधकामाच्या कोडात भार घेणाऱ्या भिंतीसाठी उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत आणि आडवी एक षष्ठांशापर्यंतच धरलीय. चार-साडेचार इंची भिंत हिशेबाला घ्या, ११५ मिमी, तर आडवी झिरी १९ मिमी, म्हणजे २५ चा पाईप त्यात बसतच नाही. फ्रेमच्या, म्हणजे बीम-कॉलमच्या, घरात ही पार्टिशन भिंत भार घेत नाही हे खरं, तरी पण एवढ्या पातळ भिंतीला आडवं लांब खोदलं की ती हलते, हात लावून बघा. खानापूरकडं जांभ्याच्या चिऱ्याची घरं आहेत, तिथं तर भिंतच सगळा भार घेते, आणि चिऱ्याला हातोडा मारला की रेषेत न फुटता केवढा तरी कोपरा उडतो, म्हणून आधी कटरनं दोन रेषा मारून मगच छिन्नी लावायची. आणि झिऱ्या उभ्याच घ्या.

नळाच्या पाण्यावर फार बोलण्यासारखं नाही. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाईप, गरम पाण्यानं लांब होतो, ३ मीटरचा पाईप २५ वरून ६० डिग्रीला गेला की ६ मिमीच्या आसपास वाढतो, त्यामुळं तो काँक्रीटमध्ये घट्ट गाडायचा नाही, जिथं बीम किंवा स्लॅब ओलांडायचा तिथं एक साईज मोठ्या पाईपचा तुकडा स्लीव्ह म्हणून ठेवायचा. झालं.

आता संडास-बाथरूमचा पाईप, खरी अडचण इथंच. मला आमच्या घराचं सांगायलाच पाहिजे. वरच्या मजल्यावर बाथरूम वाढवत होतो, रविवारी आम्ही लग्नाला गेलो आणि संध्याकाळी येऊन बघतो तर खालच्या खोलीत फरशीभर पांढरा चुरा, आणि वर बीमला, कॉलमपासून हातभर अंतरावर, चार इंची भोक पाडलेलं. भोकाच्या कडेला रिंगेची, म्हणजे मेन सळयांभोवती बांधलेल्या चौकोनी कड्याची, सळई कापलेली, दोन्ही टोकं नवीन नाण्यासारखी चकाकत होती, आणि खालच्या मेन सळईला ब्रेकरचे टवके. प्लंबर म्हणाला मालक काही होत नाही, सिमेंट भरून देतो. डिझायनरला बोलावलं तर तो दहा मिनिटं गप्प उभा राहिला, मग म्हणाला आधी खाली प्रॉप, म्हणजे टेकू, लावा. बीमला नवीन सळई आणि काँक्रीटचं जॅकेट करावं लागलं, महिना गेला, आणि पाईप शेवटी बाहेरूनच उतरवला, जो पहिल्या दिवशी उतरवता आला असता.

का एवढं बिघडलं ते समजून घ्या. बीम वाकतो तेव्हा मधल्या भागात खालच्या सळया ताण घेतात, कॉलमजवळ वरच्या घेतात, आणि कॉलमजवळ बीम तिरका फाटू नये म्हणून तिथं रिंगा जवळजवळ बांधलेल्या असतात. म्हणून भोक पडायची सगळ्यात वाईट जागा कॉलमजवळची, आणि त्यातल्या त्यात सोसणारी जागा म्हणजे दोन कॉलममधल्या गाळ्याच्या मधल्या भागात, बीमच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. भूकंपात पण या कॉलमजवळच्या रिंगाच काम करतात. भूकंपाच्या आयएस १८९३ कोडाच्या २०१६ च्या यादीत आमचं बेळगाव झोन ३ मध्ये आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप काही फार लांबचा नाही.

आता बीममधून की बाहेरून, हिशेब मांडूया. संडासचा पाईप ११० मिमी, त्याला स्लीव्ह निदान १२५. बीम ९ बाय १५ इंच म्हणजे उंची ३८० मिमी, भोक उंचीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवायचं धरलं तर जेमतेम १२७ मिळतात, म्हणजे आधीच काठावर. शिवाय पाईपला ढाळ पाहिजे, ४० ला १ धरला तर ३ मीटरला ७५ मिमी, म्हणजे दुसऱ्या बीमात तेच भोक तीन इंच खाली येतं, आणि ते सरळ खालच्या सळयांच्या अंगावर. वायरचं तसं नाही, तिला ढाळ लागत नाही, एक इंची स्लीव्ह मध्यावर ठेवली की भागलं. एवढ्या एका कारणासाठी मी संडासचा पाईप बीममधून न्यायच्या विरोधात आहे.

बाहेरून उतरवला तर भिंतीवर दिसतो हे खरं, आणि उन्हानं पाईप कडक होतो म्हणून रंग मारून घ्यावा लागतो, आमच्या पावसात क्लॅम्पही बघत राहावे लागतात. पण गळला तर दिसतो, आणि एका दिवसात बदलता येतो. स्लॅब खाली घेऊन म्हणजे सन्कन करून त्यात पाईप पुरला तर खाली काही दिसत नाही, पण नहाणी ट्रॅपचा जोड गळायला लागला की पाणी आतल्या भरावात साठतं आणि कळतं तेव्हा खालच्या खोलीचं छत काळं पडलेलं असतं. सन्कन करायचाच तर वॉटरप्रूफिंगनंतर चार-पाच दिवस पाणी भरून ठेवा आणि खाली जाऊन बघा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, पावसाच्या पाण्याचा पाईप कॉलमच्या पोटात. दर्शनी बाजू स्वच्छ दिसते म्हणून कितीतरी ठिकाणी करतात. ९ बाय १२ च्या कॉलमात ११० चा पाईप घातला की जवळजवळ १४ टक्के जागा पोकळ होते, आणि त्याच एसीआय कोडात कॉलमसाठी मर्यादा ४ टक्के होती. वर आतला जोड गळला तर सळई गंजत राहते आणि कुणाला कळत नाही.

शहापूर, वडगावच्या जुन्या माड्यांत काम असेल तर तिथं लाकडी तुळया आहेत, त्यांचा नियम वेगळा. तुळईला वरून किंवा खालून खाच मारणं सगळ्यात वाईट, त्यातही मधल्या एक तृतीयांश लांबीत तर नकोच. भोक पाडायचंच तर उंचीच्या मध्यावर, उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान, आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच सोडून, हा अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या कोडातला नियम. पण जुन्या सागवानाला भोक कशाला, मी तरी तिथं वायरसाठी बाहेरून केसिंग पट्टीच लावीन. उद्यमबागेतल्यासारख्या लोखंडी शेडमध्ये पाईप क्लॅम्पनं लटकवायचा, गर्डरच्या खालच्या-वरच्या पट्टीला कटर लावायचा नाही.

मावसभावानं शेवटी वरचा संडास दोन फूट सरकवून बाहेरच्या भिंतीला घेतला, त्यामुळं एकही बीम ओलांडायची गरज उरली नाही. सळई बांधणारी टोळी कन्नड बोलणारी आहे, त्यांना मी स्वतः जाऊन बीमवर हात ठेवून सांगितलं, इल्ली होल बेड, म्हणजे इथं भोक नको, मुकादम हसला आणि खडूनं तिथं मोठी फुली मारली. आता स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीत टेप पसरून, टेपचे आकडे दिसतील असे पाईपांचे फोटो काढायचे ठरलंय. आमच्या घराचे तसे काढले नव्हते, म्हणून मागच्या महिन्यात झोपाळ्याचे हुक मारताना ड्रिल कुठं लावायचं यावर अर्धा दिवस गेला.