झिम्मा की बाईपण भारी देवा?

या दोन मराठी चित्रपटांपैकी सरस कोणता, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. आई ‘बाईपण भारी देवा’च्या बाजूने, मी ‘झिम्मा’च्या.

‘झिम्मा’ (2021) मध्ये हेमंत ढोमेनं एकमेकींना न ओळखणाऱ्या सात बायका इंग्लंडच्या सहलीला नेल्या. गोष्ट म्हणाल तर जेमतेम. पण निर्मिती सावंतची निर्मला बघा. नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, बावरलेली बाई हळूहळू मोकळी होते, आणि तिचं मोकळं होणं संवादांपेक्षा चेहऱ्यावर जास्त दिसतं. आमच्या मावशीचा पहिला विमानप्रवास आठवला मला, पर्स छातीशी घट्ट धरून बसलेली! बाकी काही जणींच्या वाट्याला मात्र एकेक दुखणं आणि त्यावर एकेक भाषण, एवढंच आलंय.

केदार शिंदेंच्या ‘बाईपण’मध्ये (2023) सहा सख्ख्या बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. इथे ओळख करून देण्यात वेळ जात नाही. बहिणी म्हटल्यावर जुने हिशेब आलेच. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते समोरासमोर आल्या की नुसती नजरही बोचते. शेवट काय होणार हे मध्यंतरापूर्वीच कळतं, पार्श्वसंगीत तर ‘आता रडा’ असं बजावतंच. तरी रडलोच, काय करणार.

सुचित्रा बांदेकर दोन्हीकडे आहे. मला ती ‘बाईपण’मध्ये जास्त भिडली. हे आईला सांगितलेलं नाही.