गाभण माद्या आणि ‘पिल्लं परत घेतो’ची हमी

पाळलेल्या सापांना खायला घालण्यासाठी घरीच उंदीर वाढवायचे ठरवलं की पहिला प्रश्न पडतो तो पैदाशीचे उंदीर आणायचे कुठून. मला भेटलेल्या विक्रेत्याकडे उत्तर तयार होतं. एक नर, चार माद्या, सगळ्या चार महिन्यांच्या, सगळ्या गाभण. वर हमी अशी, की गरजेपेक्षा जास्त झालेली पिल्लं तोच विकत घेणार. या बोलीवर त्याचा धंदा अजून चालू आहे, म्हणून हे लिहितोय. या सगळ्यात भरवशाची वाटते ती गाभण मादी, आणि खरी मेख तिथेच आहे.

उंदरांचा हिशोब ऐकायला फार गोड असतो. गर्भ २१ ते २३ दिवसांचा. एका विणीत साधारण आठ ते बारा पिल्लं. तीन आठवड्यांत दूध सुटतं. व्याल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते, त्यामुळे नर सोबत असेल तर एकीकडे पिल्लं पाजताना दुसरी खेप पोटात असते. विक्रेत्याने हेच सांगितलं. मी दोन-तीन ठिकाणी पडताळलं, सगळं बरोबर निघालं. खोटं होतं ते फक्त माद्यांचं वय.

माद्या आल्या त्या अंगाने भरलेल्या, काट्यावरही चांगल्या उतरल्या. लवकरच चौघी व्याल्या. पिल्लं मात्र कमी, कुणाची पाच, कुणाची सहा. विचारलं तर म्हणाला, ‘‘पहिलटकरणी आहेत हो, पहिली वीण लहानच असते.’’ हेसुद्धा खरं असतं. फक्त विणी लहान होत जातात त्या म्हाताऱ्या माद्यांच्याही. साधारण सव्वा ते दीड वर्षानंतर उंदरीण पैदाशीतून उतरायला लागते. तिची एखादी शेवटची खेप अजून पोटात असताना ती विकली, तर घेणाऱ्याला काय दिसतं? गोल पोट, चांगलं वजन आणि थोड्याच दिवसांत पिंकी, म्हणजे केस न आलेली गुलाबी पिल्लं. वापरलेल्या मादीची आचळं उठून दिसतात, ही वय ओळखायची एक खूण. पण गाभणपणात आणि पिल्लं पाजताना तरुण मादीचीही तशीच दिसतात. त्याने खूण झाकायला काही केलंच नव्हतं. गाभणपणाने ती आपोआप झाकली गेली होती.

पिल्लांचं दूध सुटल्यावर तो खरोखर आला, पिल्लं मोजून घेतली, पैसे जागेवर दिले. त्याच भेटीत दुसरा गट गळ्यात मारला. पैसे हातात पडलेले असताना कोण नाही म्हणतो! दुसऱ्या गटाचीही एकेक वीण झाली आणि मग दोन्हीकडे सगळं थंड. नर माद्यांतून काढू नका असं त्यानेच बजावलं होतं, तो काढलेला नव्हता. तीन आठवड्यांवर यायला हवी होती ती दुसरी खेप महिने उलटले तरी नाही.

दरम्यान शिंका सुरू झाल्या. नव्या जागेत आलेले उंदीर काही दिवस शिंकतात, भुशाची धूळही असते, त्यामुळे तेवढ्याने कुणी घाबरत नाही. पण मग श्वासाचा घरघर आवाज येऊ लागला, डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांना लालसर डाग दिसू लागले. ते रक्त नसतं. पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, आजारपणात आणि ताणात ते जास्त पाझरतं. पशुवैद्यांनी मायकोप्लाझ्मा या श्वासाचा आजार करणाऱ्या जंतूचं निदान केलं. औषधाने लक्षणं दबतात, जंतू समूळ जात नाही, आणि तो आईकडून पोटातच पिल्लांकडे जाऊ शकतो. नवे उंदीर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावेत हा नियम मी पाळला होता. पण हा जंतू लक्षणं न दाखवता कितीतरी काळ अंगात राहतो, त्यामुळे ती गाळणी त्याला पुरत नाही. एका मादीच्या काखेत गाठही निघाली. वय झालेल्या माद्यांत अशा गाठी नेहमीच्या.

परत खरेदीचं काय झालं? पुढच्या पिल्लांना ‘वजन कमी’, मग ‘सध्या मागणी नाही’, मग फोन बंद. जरा विचार केला तर ती हमी मुळातच टिकणारी नव्हती. पूर्ण वाढलेला बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा लहान अजगर, दोन ते चार आठवड्यांतून एक उंदीर खातो. मग घराघरांतून गोळा केलेली पिल्लं हा माणूस घालतो कुणाच्या तोंडात? पुढे कळलं, की तीच वाढवून तो नव्या माणसांना ‘पैदाशीचा गट’ म्हणून विकत होता. म्हणजे एका घरचा आजार दुसऱ्या घरी पोहोचवायची सोयही आयतीच. अमेरिकेत २०१७ मध्ये पाळीव उंदरांची पैदास करणाऱ्यांत सोल विषाणू (उंदरांच्या अंगात राहणारा एक हंटाव्हायरस) पसरला तो उंदरांच्या अशाच देवघेवीतून, आणि त्याची लागण माणसांनाही झाली. अशा फिरत्या कळपाकडे मी आता नुसता फसवणूक म्हणून पाहत नाही.

वय लपवता येत नाही अशा काही जागा आहेत. पुढचे दात कोवळ्या उंदराचे फिकट पिवळे असतात, वयाबरोबर गडद नारिंगी होत जातात. पाठीवरून बोट फिरवलं की म्हाताऱ्या मादीचा कणा हाताला लागतो, केस राठ लागतात, शेपटीची कातडी जाड आणि खवलेदार झालेली असते. कान प्राण्याच्या छातीजवळ नेऊन श्वास ऐकावा. कट-कट, घर-घर असं काही ऐकू आलं तर तिथूनच परत फिरावं. आणि जन्मतारखेची चिठ्ठी? ती लिहायला पेन पुरतं.

नंतर ज्यांच्याकडून उंदीर घेतले त्यांनी मोठी मादी विकायला साफ नकार दिला. पाच आठवड्यांची, नरांपासून आधीच वेगळी केलेली पिल्लं दिली, त्यांची आई पिंजऱ्यासकट समोर ठेवली आणि तीन-चार महिन्यांची होईपर्यंत नर लावू नका म्हणाले. परत घ्याल का असं विचारलं तर म्हणाले, ‘‘माझ्याकडेच जास्त आहेत.’’