कौलारू घराला पीव्हीसीची पन्हळ: मे ते नोव्हेंबरचा वापर

आधी निकाल सांगतो. चिरेबंदी कौलारू घराला पीव्हीसीची पन्हळ, म्हणजे छपराच्या कडेचं पाणी झेलून नेणारी उघडी नाळ, लावण्यासारखी आहे. मात्र पन्हळ कुठल्या कंपनीची याला फारसं महत्त्व नाही. क्लॅम्प किती अंतरावर, उतार किती आणि पाणी शेवटी जातं कुठे, यावर सगळं ठरतं. दुकानात या तिन्हींबद्दल कोणी बोलत नाही.

घर कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यातलं. पुढच्या पाख्याची (छपराच्या उतरत्या बाजूची) वळचण, म्हणजे खालची कड, 12 मीटर. 6 इंची अर्धगोल पन्हळ, 3 मीटरचे चार तुकडे, रबर गास्केटचे जोड, दोन्ही टोकांना 4 इंची उतरते पाइप. काम मे महिन्यात, शाकारणीबरोबरच, म्हणजे पावसाआधी कौलं काढून नीट बसवतात तेव्हाच, उरकलं. तेच बरं, कारण खालची कौलं तशीही काढावी लागतात.

आकार ठरवताना हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. छपराचं माप उतारावरून घ्यायचं नाही, जमिनीवर सावली पडेल तेवढं धरायचं. इथे ते 12 गुणिले साडेतीन, म्हणजे 42 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर आली, आणि आपल्याकडे ती येते, तर मिनिटाला 70 लिटर पाणी पन्हळीत उतरतं. म्हणून 4 इंची पन्हळ स्वस्त मिळाली तरी एवढ्या पाख्याला घेऊ नये, आणि एकाच टोकाला पाइप देऊन भागवू नये.

उतार मधून दोन्हीकडे दिलाय. मीटरला 5 मिलिमीटर, म्हणजे 6 मीटरला 30 मिलिमीटर. डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. वळचण सरळ आहे असं धरून तिच्या कडेवरून माप घेतलं की फसगत होते, कारण जुन्या घराचे वासे कुठे ना कुठे बसलेले असतातच. लेव्हल पाइपाने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मधली आणि टोकाची खूण करून दोरी ताणावी, मग क्लॅम्प ठोकावेत. शेवटी मधोमध बादलीभर पाणी ओतून बघावं. जिथे डबकं राहील तिथे गाळ बसणार आणि उघडीप पडली की डासांच्या अळ्या होणार.

क्लॅम्पचं अंतर 50 सेंटिमीटर ठेवा. मिस्त्री मीटरभर म्हणतात, तेवढं सोडू नका. 6 इंची अर्धगोल पन्हळ तुंबून काठोकाठ भरली तर मीटरला जवळजवळ 9 किलो पाणी होतं, म्हणजे 12 मीटरला शंभर किलोच्या वर. लांब अंतरावर पन्हळ मध्ये झोल खाते, झोलात पाला अडकतो, पाल्याने पाणी थांबतं आणि झोल वाढतो. वाशांची टोकं ओबडधोबड असतील तर क्लॅम्प एका ओळीत बसत नाहीत. आधी 8 इंच रुंद, इंचभर जाडीची फळी मारून घ्यावी. फळी नको असेल तर लोहाराकडून 25 बाय 5 मिलिमीटरची लोखंडी पट्टी वाकवून वाशाच्या कुशीला बोल्ट करावी. स्क्रू स्टेनलेसचेच. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर यात अजिबात काटकसर नको.

आता जोडाचं. पीव्हीसी तापलं की लांबतं: 3 मीटरच्या तुकड्याला 30 अंशांच्या फरकाने साधारण 5 मिलिमीटर. मेच्या दुपारी पन्हळ तापून लांबलेली असते आणि जुलैत गार पडून आखडते. दुपारी बसवताना तुकडा जोडात खुणेपर्यंत गेला नसेल, तर नेमका पावसात तो गास्केटवरून सरकतो आणि जोड ठिबकायला लागतो. बसवणारे यावर सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) मारून देतात. मारू देऊ नका. चारही तुकडे चिकटून एक झाले की सगळी ओढ टोकाच्या आउटलेटवर, म्हणजे पाणी पाइपात उतरतं त्या तोंडावर, येते आणि तिथे चीर जाते. इथे एक जोड जुलैत ठिबकला; कोरड्या सकाळी तुकडा आत सरकवल्यावर थांबला, सिलिकॉन लागलं नाही.

कौलाची कड पन्हळीत 5 सेंटिमीटर आत यायला हवी. कमी आली तर रिमझिम पावसात पाणी कौलाच्या पोटाने मागे येऊन वाशाची टोकं भिजवतं, जास्त आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून जातं. पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा किंचित वर ठेवावी, म्हणजे तुंबली तरी पाणी अंगणात सांडेल, भिंतीवर नाही. खालच्या ओळीची कौलं तारेने बांधा. माकडं एका उडीत दोन कौलं पन्हळीत घालतात आणि वर पन्हळीवर बसून आपल्याकडेच बघतात.

जाळीचा अनुभव मात्र वाईट. पन्हळीवर अंथरायची जाळी पाला अडवते खरी, पण तो ओला पाला तिथेच चिकटून बसतो आणि पाणी वरून वाहून जातं. तिच्यापेक्षा आउटलेटच्या तोंडात तारेचा गोळा घालावा. साफसफाई मृगाआधी, जुलैच्या मध्यावर आणि गणपती विसर्जनानंतर. फणस किंवा आंबा डोक्यावर असेल तर दर पंधरवड्याला. शिडी पन्हळीला टेकवू नये, वाशाला टेकवावी.

फायदा जोत्याला झाला. पागोळ्या पडून खळ्यात (अंगणात) चर पडायचा आणि तांबडे शिंतोडे भिंतीवर गुडघाभर चढायचे, ते थांबलं. चिऱ्याने ओल ओढली नाही, पायरीवर शेवाळ जवळजवळ नाही. पण नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाला पन्हळ काय करणार? पडवीला झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, बांधावीच लागते.

पाणी साठवण्याच्या आशेने कोणी पन्हळ घेत असेल तर एक सांगणं आहे. वरच्या जोराच्या सरीत एका टोकाखालचं 200 लिटरचं पिंप सहा मिनिटांत भरतं. हंगामात 3000 मिलिमीटर पाऊस धरला तर या एका पाख्यावरून सव्वा लाख लिटर पाणी जातं, त्यापुढे पिंप म्हणजे तोंड धुण्यापुरतं. विहिरीत सोडायचं असेल तर आधी वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून सोडा, पण ते पाणी एप्रिलपर्यंत पुरेल असं धरू नका. जांभा (इथला तांबडा सच्छिद्र दगड) पाणी जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर सोडतो. काहीच साठवायचं नसेल तर पाइप जोत्यापासून निदान 3 मीटर लांब न्या आणि पऱ्याकडे (ओढ्याकडे) वाट काढून द्या. शेजाऱ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) मुळाशी सोडू नका, पुढच्या पावसात गडगाही जाईल आणि शेजारही.

6 इंची पीव्हीसी ड्रेनेज पाइप उभा चिरून स्वस्तात पन्हळ करण्याचा सल्ला हमखास मिळतो. चिरल्यावर त्याच्या कडा आत वळतात, तोंड अरुंद होतं आणि क्लॅम्प बसत नाहीत. गोठ्याला चालेल. दुकानात भाव विचारताना मीटरचा विचारू नका; जोड, क्लॅम्प, आउटलेट, टोपणं धरून पूर्ण बिल मागा, कारण खरा खर्च तिथेच निघतो. त्याच वेळी दोन जास्तीची गास्केट घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी त्याच मापाची मिळतीलच असं नाही.